'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

जर्मनीत हायडेलबर्गला केलेल्या ज्यू अभ्यासातल्या एम.ए.बद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या नावानं एक प्रतिक्रिया आली. ती काढून टाक, असं दोघातिघांनी सुचवलं. काढणार नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती इथेच देते (तालमूद म्हणजे ज्यू कायदा आणि त्यावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, अरामी ही त्याची एक भाषा, आणि बेने इस्राएली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू):

"ताई, राग मानू नका, पण ज्यू नसताना ज्यू अभ्यासात एम.ए. करणं म्हणजे परक्याच्या वरातीत नाचणं. दोन वर्षांत हिब्रू-अरामी येत नाही, तेव्हा तालमूद 'वाचला' असं लिहू नये. खर्च किती आला, नोकरी काय लागली, यावर लेखात अवाक्षर नाही. बेने इस्राएलींवरच काम करायचं होतं तर अलिबागेत बसून झालं असतं. उगाच फॉरेनची हौस."

आधी सुराबद्दल. 'राग मानू नका' अशी सुरुवात करणाऱ्या माणसाला, पुढे आपण राग येण्यासारखंच बोलणार आहोत हे पक्कं ठाऊक असतं. मग ते वाक्य कशाला? समोरचा चिडला की 'बघा, मी आधीच म्हटलं होतं' म्हणायची सोय. आणि 'फॉरेनची हौस'? माझ्याच बॅचचा एक मुलगा अमेरिकेत एम.एस. करून आला तेव्हा त्याच्या घरच्यांनी गावाला पेढे वाटले. त्याला कुणी हौस म्हणाल्याचं मला आठवत नाही. मुद्दा मांडा, जरूर मांडा, प्रतिक्रियांची खिडकी मी त्यासाठीच उघडी ठेवली आहे. पण टोपणनावाच्या आडून दुसऱ्याच्या आयुष्यातल्या वर्षांची किंमत ठरवणं याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. (आमच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे, पण हा ब्लॉग माझी आईही वाचते.)

खर्चाचा तपशील लेखात नव्हता, हे मात्र खरं. तेवढं मान्य. तर घ्या: हायडेलबर्ग ज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातली सरकारी विद्यापीठं 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1500 युरो घेतात. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो आहे; माझ्या वेळी कमी होती. माझे पैसे कुठून आले हे विचारण्याइतकी आपली ओळख नाही.

आता वरात. खरं सांगायचं तर हे उत्तर त्या एकाच वाक्यासाठी लिहिते आहे.

ज्याचा धर्म त्यानंच त्याचा अभ्यास करावा, असा तुमचा नियम दिसतो. मग ज्यानं हा विषय उभा केला त्यालाच विचारू. लेओपोल्ड त्सुन्झ, बर्लिनचा. 1818 मध्ये त्यानं रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) वाङ्मयावर एक लहानशी पुस्तिका लिहिली. म्हणणं असं, की हे ग्रंथ केवळ धर्माचे म्हणून बाजूला ठेवू नका. त्यांत कायदा आहे, खगोल आहे, व्यापार आहे, काव्य आहे, आणि जगातलं कुठलंही मोठं वाङ्मय तपासतात तसे ते तपासा. पुढे 1848 मध्ये याच त्सुन्झनं प्रशियाच्या सरकारकडे मागणी केली की बर्लिन विद्यापीठात ज्यू इतिहास आणि वाङ्मयाचं अध्यासन काढा. नकार आला. त्याला हा विषय विद्यापीठात हवा होता, जिथे कुणीही येऊन बाकावर बसेल. विद्यापीठांनी दार उघडलं नाही, तेव्हा ज्यू समाजानं आपापल्या संस्था काढल्या: 1854 मध्ये ब्रेसलाऊला, 1872 मध्ये बर्लिनला. बर्लिनची संस्था नाझींनी 1942 मध्ये बंद केली. 'ज्यांचं त्यांनी करावं' हा तुमचा नियम त्या लोकांवर बाहेरून लादला गेला होता, स्पष्टवक्ते. तो तुम्ही त्यांच्याच नावानं मला ऐकवताय.

मी शिकले ती संस्था 1979 मध्ये जर्मनीतल्या ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेनं सुरू केली. म्हणजे मांडव नवऱ्याकडच्यांनीच घातलेला आहे, आणि आत येणाऱ्यांत ज्यू नसलेलेच पुष्कळ असतात. माझ्या शेजारी पाद्री होऊ घातलेला एक मुलगा बसायचा, पलीकडे निवृत्त झाल्यावर शिकायला आलेल्या एक बाई. आम्ही बायबल आणि त्यावरची ज्यू भाष्यं शिकलो, तालमूद शिकलो, इतिहास, तत्त्वज्ञान, कला शिकलो. व्याकरणात चुकलं की बोलणी खाल्ली. गोत्र कुणी विचारलं नाही. ते विचारायला अलिबाग तालुक्यातूनच कुणीतरी यावं लागलं.

हायडेलबर्गचंच आणखी एक. योहानेस रॉइखलिन नावाचा विद्वान पंधराव्या शतकाच्या अखेरीला काही काळ तिथे होता. जन्मानं ख्रिश्चन. हिब्रू शिकला, 1506 मध्ये हिब्रूचं व्याकरण आणि कोश छापला. चार वर्षांनी ज्यूंचे ग्रंथ जप्त करून नष्ट करावेत का, असं सम्राट माक्सिमिलियननं जाणकारांना विचारलं. नको, असं ठामपणे लिहून देणारा रॉइखलिनच निघाला, आणि त्यापायी पुढची कित्येक वर्षं चौकश्यांत आणि भांडणांत गेली. ग्रंथ नष्ट करा म्हणून मागे लागलेला फेफरकोर्न कोण होता? जन्मानं ज्यू, नंतर ख्रिश्चन झालेला. जन्माचा दाखला बघून वरातीत घ्यायचं ठरलं असतं तर फेफरकोर्न पुढे नाचला असता आणि रॉइखलिन वेशीबाहेर उभा असता. (रॉइखलिनला कब्बालात, म्हणजे ज्यू गूढविद्येत, ख्रिस्त दिसत होता, हे मला माहीत आहे. त्यावर वेगळी प्रतिक्रिया नको.)

अशी माणसं पुढेही झाली. मिश्नाचं (तालमूदाचा गाभा असलेल्या कायदासंग्रहाचं) इंग्रजी भाषांतर म्हणून जे अनेक पिढ्यांनी वापरलं ते 1933 चं, हर्बर्ट डॅन्बी या अँग्लिकन धर्मगुरूचं. हेखालोत या जुन्या ज्यू गूढवादी ग्रंथांच्या हस्तलिखितांचा शेजारी-शेजारी पाठ छापून ज्यानं त्या अभ्यासाचा पायाच बदलला, तो पेटर शेफर ज्यू नाही. बरं, लांब कशाला जायचं, मुंबईत या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, बेने इस्राएलींसाठी. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, अर्थातच. पण कोकणातली ज्यू मुलं त्या हिब्रूवर मिशन सोडून चालती झाली आणि आपल्या प्रार्थना मराठीत आणू लागली. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा (वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी) निघाली, 1874 मध्ये पुण्यात सचित्र निघाली. तिच्या चित्रांत बायका साडी नेसून वल्हांडणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. 1880 च्या सुमारास तर त्यांनी आपलं कीर्तन उचललं आणि अब्राहम-योसेफाची आख्यानं लावली. यात कोण कुणाच्या वरातीत नाचलं, ते मला तुम्ही समजावून सांगा.

आणि आता ज्यानं मला सगळ्यात जास्त राग आला ते. आपल्याकडे कुणी परदेशी माणूस मराठी शिकून आला की आपण काय करतो? गुंथर सोन्थायमर हायडेलबर्गच्याच दक्षिण आशिया संस्थेत होते. जर्मन माणूस. धनगरांबरोबर माळरानं तुडवली, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावर 1976 मध्ये ग्रंथ लिहिला, आणि आज खंडोबावर कुणीही मराठी अभ्यासक लिहायला बसला तरी त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. अ‍ॅन फेल्डहाउस महानुभावांवर काम करतात. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला तेव्हा इथल्या किती विद्यापीठांना तो विषय सुचला होता? यांना आपण शाल देतो, श्रीफळ देतो, 'आमच्या माणसांपेक्षा शुद्ध मराठी बोलतात हो' म्हणून फोटो काढून घेतो. त्यांना कुणी विचारलं नाही, की बाई, तुम्ही महानुभाव आहात का? दीक्षा घेतलीत का? गोऱ्यानं जेजुरी अभ्यासली की अभ्यास, आणि मराठी मुलीनं मिश्ना उघडली की हौस. हा न्याय तुम्ही कुठून आणलात, तेवढं सांगा. तुमच्या बाकीच्या मुद्द्यांपेक्षा मला त्याचं कुतूहल जास्त आहे.

माझ्याबद्दल बोलायची सवय मला नाही, पण तुम्हीच विषय काढलात. मी अलिबागची. इस्राएल आळी आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तिथेच, 1848 चं. आमच्या आजीच्या पिढीतली माणसं बेने इस्राएलींना शनवार तेली म्हणायची, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. शेजारच्या आजी त्यांच्या नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा पाठवायच्या, आणि एलियाहू हन्नबीचा (एलिया संदेष्ट्याच्या नावानं करायचा) मालिदा असला की गुळ-खोबऱ्याचे पोहे. बारशाला आम्ही तिकडे, दिवाळीला ते इकडे. पुढे त्या घराला कुलूप लागलं, मुलं इस्राएलला गेली. तेव्हा मी शाळेत होते आणि मला फक्त एवढंच कळलं की हलवा बंद झाला. हे लोक कोण होते, इतकी शतकं इथे राहून त्यांनी काय जपलं आणि काय सोडलं, हे विचारायला मला कुणाची परवानगी घ्यायला हवी होती? तुमची?

'अलिबागेत बसून झालं असतं' म्हणे. कसं? हायीम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलींचा इतिहास 1897 मध्ये लिहून ठेवला आणि तो छापून आला 1937 मध्ये, तेल अवीवला. किहीमवरून आडनाव घेतलेल्या माणसाचं पुस्तक तिकडे. 1960 च्या दशकात इस्राएलच्या मुख्य रब्बींनी याच लोकांच्या लग्नांबद्दल शंका घेतली, त्यावर आंदोलन झालं, आणि 1964 मध्ये क्नेसेतला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, ठराव करावा लागला. रब्बींची शंका कुठल्या हलाखिक (ज्यू धर्मकायद्याच्या) आधारावर होती, हे तालमूदाशी ओळख नसताना कसं कळणार? किनाऱ्यावर बसून, भरती-ओहोटी बघत? असो.

भाषेचं. दोन वर्षांत अरामी येत नाही. बरं. येते असं मी कुठे म्हटलं? मी लिहिलं होतं की तालमूदातल्या 'बराखोत' या भागाच्या सुरुवातीच्या पानावर, संध्याकाळची श्मा ही प्रार्थना कधीपासून म्हणायची या प्रश्नावर, आमचे कितीतरी तास गेले. मध्ये मूळ मजकूर, एका बाजूला राशीचं भाष्य, दुसऱ्या बाजूला तोसाफोत (दोन्ही मध्ययुगीन भाष्यं), आणि आम्ही कोशात बुडालेलो. बाबिलोनी तालमूदाची 2711 पानं आहेत. रोज एक पान धरलं तरी साडेसात वर्षं लागतात, आणि 1923 पासून जगभर लोक तसं वाचताहेत. त्यातलेही कितीतरी जण भाषांतर शेजारी उघडून बसतात. त्यांनाही जाऊन सांगा, वाचला म्हणू नका म्हणून. यावर मी आणखी लिहिणार नाही.

नोकरी: आहे. भाषांतराची. पगार सांगणार नाही.

पेणच्या ज्या मुलीनं त्याच लेखाखाली साधेपणानं विचारलं होतं, की जर्मन कितपत लागतं, तिचं उत्तर या गडबडीत राहून गेलं. व्याख्यानं जर्मनमध्ये असतात, त्यामुळे दुकानात बोलण्यापुरतं येऊन भागत नाही. मी पुण्याच्या माक्स म्युलर भवनात शिकले आणि तरी पहिलं सत्र धापा टाकत गेलं. हिब्रूची अक्षरं पटकन बसतात. स्वरचिन्हं नसलेला मजकूर वाचायला लागलीस की मग खरी परीक्षा. प्रवेशासाठी आधीपासून किती हिब्रू हवं हे अभ्यासक्रमागणिक बदलतं, तेव्हा अर्ज करायच्या आधी संस्थेलाच लिहून विचार. तुझ्या पदवीचे विषय मला मेलवर कळव, म्हणजे पुढचं सांगता येईल.