रातपाळीचा माणूस

काल दुपारी तीनला जरा कुठं डोळा लागला होता आणि दारावर थापा. बेल आहे हो दाराला, तरी थापा. खालचे काका.

"झोपायलाव काय ओ?"

गालावर सोलापुरी चादरीची नक्षी उमटलेल्या माणसाला हे विचारायचं असतं का! म्हटलं काका, जेटलॅग आहे, मुलीकडनं न्यू जर्सीहून आलोय ना, तिकडं आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं, माझ्या शरीराच्या हिशेबानं आत्ता पहाटेचे साडेपाच वाजलेत.

काका खुर्ची ओढून बसलेच. "आम्ही मिलमध्ये जन्मभर रातपाळी केली. आठवड्याला पाळी बदलायची. आम्हाला कुणी विचारलं का, तुमच्या शरीरात किती वाजले म्हणून?"

मुद्दा खरा आहे, म्हणूनच जास्त राग आला. शरीराचं घड्याळ उजेड-अंधारावर चालतं, रातपाळीतही तेच बिघडतं. मी झोपेतच सांगत बसलो, की या घड्याळावरच्या कामाला 2017 साली नोबेल मिळालं, तिघांना.

"कुठल्या खात्यात होते? स्पिनिंगला का सायझिंगला?"

मग म्हणाले, जाताना नाही झालं का? म्हटलं कमी झालं. आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळं उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं अवघड, म्हणून पूर्वेकडं येताना त्रास जास्त.

काका थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. "म्हणजे अमेरिकेत बरं वाटतं. सोलापुरात आलं की आजारी पडताव."

आता यावर काय बोलणार! चहा पिऊन गेले. त्यानंतर झोप कुठली, बाहेर ऊन रणरणत होतं, फॅन गरम हवा फेकत होता. रात्री अडीचला मात्र टक्क जागा, किचनमध्ये कडक भाकरी आणि शेंगा चटणी, कितीही हळू चावा, कडाकडा आवाज होतोच, आणि बायको आतून ओरडते. तेव्हा नाही येत कुणी थापा मारायला.

बरं, काकूंनीच मागं सांगितलंय, हे रातपाळी करून झोपले की घरात भांडं वाजायची सोय नव्हती, पोरांना फटके बसायचे. शेजारच्यांचा रेडिओसुद्धा बंद करायला लावायचे म्हणे. तेव्हा चालत होतं!

आज सकाळी दूधवाला पिशवी देता देता म्हणाला, "साहेब, सोलापूर सोसंना म्हणं तुम्हाला?"