मणका चेपून घ्यायचाय? मागच्या बाकावर या

देवाने माणसाला मोजून ३३ मणके दिलेत. त्यातला एखादा चेपला तरी ३२ उरतातच की. तेव्हा गोव्यात वाहनाने फिरणाऱ्यांनी मणक्यांचे फार लाड करू नयेत आणि पुढील सूचना मनावर घ्याव्यात.

खासगी बसमध्ये चढलात की सरळ शेवटचा बाक गाठा. 'फाटी वच गो मामी, बसपाक जागो आसा,' असे कंडक्टर एवढ्या मायेने सांगतो, त्याचा शब्द मोडू नका. खच्चून भरलेल्या बसमध्ये नेमकी तीच जागा रिकामी कशी, असले खवचट प्रश्न तर मुळीच विचारू नका. तो बाक मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकलेला असतो. चाके उंचवट्यावर चढली की सी-सॉच्या टोकाला बसल्यागत तुम्ही वर जाता. तुम्ही हवेत असताना बाक खाली जातो, आणि तुम्ही खाली येता तेव्हा तो परत वर येत असतो. धडक बसते बुडाला, पण मोडते ते वर. बरगड्यांचा ताठ पिंजरा संपून लवचीक कंबर सुरू होते, तिथला पाठीचा बारावा नाहीतर कमरेचा पहिला मणका. डॉक्टर या पहिल्याला 'एल-वन' म्हणतात. माझ्या सख्ख्या मामीचा तोच गेला. साखळीहून पणजीला येताना, गेल्याच महिन्यात.

उंचवटा कुठून आणायचा, ही चिंता नको. तो आयता मिळतो. कधीतरी हॉटमिक्स डांबरीकरण होते, रस्ता गुळगुळीत होतो, मग कोणीतरी आपटतो, मग लोक रस्ता अडवतात, आणि रातोरात त्याच काळ्या डांबराचा एक ढीग आडवा ओतला जातो. त्याला आपण स्पीड ब्रेकर म्हणायचे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मापे आहेत: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने गाडी सहज पार होईल असा गोलसर चढ. वर पांढरे पट्टे, अलीकडे फलक. आपला कसा? हातभर रुंद, वीतभर उंच, पट्टा नाही, फलक नाही, आणि वरचा दिवा गेलेला. ज्याला अपघात टाळायचा म्हणून घातला तोच अपघात करतो, आणि कोणी घातला असे कचेऱ्यांत विचारले तर हा साहेब म्हणतो त्याने, तो म्हणतो याने. मी दोन्हीकडे जाऊन आलो. एकाने मला चहा पाजला. रस्त्याच्या सदोष कामामुळे कोणाला मृत्यू वा अपंगत्व आले तर एक लाखापर्यंत दंड, असे कलम २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात आहे, १९८अ. ते मी वाचून दाखवले तेव्हा साहेब म्हणाले, 'तुमी वकील काय?' नाही हो साहेब, भाचा आहे. जिला आता टेलर ब्रेस, म्हणजे पाठ ताठ धरणारा पट्टा, आवळल्याशिवाय खाटेवर उठून बसता येत नाही, तिचा भाचा.

असो. राग आवरतो. पुढच्या सूचना.

गाडीत मागे बसलात तर पट्टा सीट कव्हरखाली कोंबून ठेवा. हजार रुपयांचा दंड पुढच्यांसाठीच असतो अशी आपली ठाम समजूत आहे.

अगदी लावायचाच झाला तर पोटावर घ्या, ओटीच्या हाडांवर नको. धडकेत शरीर पट्ट्यावर दुमडते आणि मणका आडवा फाटतो.

हेडरेस्ट खांद्याशी दाबून ठेवा, मागून कोणी ठोकले की मान मोकळेपणी मागे जायला हवी ना.

काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची भाड्याची जीप घेतलेल्या पाहुण्यांना काही शिकवायची गरज नाही. ते डॅशबोर्डवर पाय टाकूनच कळंगुटला पोचतात.

जत्रेला टेम्पोच्या हौद्यात उभे राहून जा.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. कोणी पडले, 'पाठ, पाठ' म्हणून ओरडू लागले, की दोघांनी काखेत धरा, दोघांनी पाय धरा, मधला भाग लोंबकळू द्या आणि रिक्षात कोंबा. मामीला असेच नेले. मी 'थांबा, १०८ येऊ द्या' म्हणत होतो, तर एक गृहस्थ मला म्हणाले, 'माणुसकी नाही का तुला?'

माणुसकी! अहो, मणका मोडलेल्या माणसाला जागचे हलवायचे नसते. आग लागली असेल, गाडी वरून येत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी डोके आणि मान दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरून ठेवायची, बोलत राहायचे, आणि फळी घेऊन येणाऱ्यांची वाट बघायची. मोडलेले हाड सरकून आतल्या मज्जातंतूंवर बसले की पाय जातात, लघवीचा ताबा जातो, कायमचा. मामीचे पाय वाचले ते नशिबाने, तुमच्या माणुसकीने नव्हे.

कंडक्टर वर म्हणतो, 'तिची हाडां ठिसूळ.' ठाऊक होते ना तुला? सत्तरीची बाई दिसत नव्हती? मग मागे का पाठवलीस? आणि ड्रायव्हर, पुढच्या बसला गाठायचे म्हणून ब्रेकही न दाबणारा तू, रोज त्याच रस्त्याने जातोस, तुला तो ढीग माहीत नव्हता? आणि पुढच्या, मधल्या बाकांवर धडधाकट माणसे बसली होती, कानात वायरी घालून, खिडकीबाहेर बघत. एक जण उठला असता तर मामीला मागे जावे लागले नसते. एकही उठला नाही. वाचणाऱ्यांनो, तुम्हीही उठला नसता, म्हणून तर हे लिहितोय.