चढणीच्या माशांचा तो मेसेज: एकेक मुद्दा घेऊ

पाऊस टेकला की दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा मला एका दिवसात चार ग्रुपवर आला, त्यातले दोन घरचेच. थोडक्यात त्यात असं आहे की चढणीचे मासे पकडणं ही कोकणची परंपरा, नियम सांगणारे सगळे एसीत बसलेले पर्यावरणवाले, एक मासा लाखभर अंडी घालतो त्यामुळे दोन बादल्या नेल्या तर नदी रिकामी होत नाही, बंदी समुद्राला आहे नदीला कसला कायदा, आणि मासे संपवले ते कंपन्यांनी, आधी त्यांना पकडा. खाली "खरा कोकणी असाल तर पुढे पाठवा".

मी संगमेश्वरकडचा, चढणीचे मासे लहानपणापासून खातोय, आणि मी पुढे पाठवला नाही.

आधी परंपरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मृगाचा पाऊस जोरात लागला, पऱ्ये (डोंगरातले ओहोळ) वाहायला लागले की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, पार भाताच्या मळ्यापर्यंत, रायगड-पालघरकडे यालाच वलगण म्हणतात. आमचे आजोबा रात्री पाग (हाताने फेकायचं जाळं) नि बॅटरी घेऊन जायचे, मी मागे पिशवी धरून असायचो, नाकारत नाही. पण पाग फेकला, ओढला, मासे काढले, परत झटकून खांद्यावर घेतला, एवढ्या वेळात बाजूने कितीतरी मासे वर निघून जायचे आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही. आता मेसेजसोबतचा फोटो बघा. पऱ्याच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणी ताणलीय, खाली फट राहू नये म्हणून दगड लावलेत, बोटाएवढं पिल्लू सुटणार नाही. ही परंपरा? आजोबांच्या घरात मच्छरदाणी एकच होती आणि ती बाळंतिणीच्या खोलीत.

आणि नियम एसीतून आले म्हणता तर महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीला जाऊन या, नाहीतर पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ वैतरणा नदीवर तिळसेश्वराला. महसीर मासे पायाशी येतात, लोक खायला टाकतात, पकडत कुणी नाही, देवाचे मासे म्हणून. इथे हात लावायचा नाही हे गावानेच ठरवलेलं ना? परंपरा सांगायची तर ही पण सांगा की.

लाख अंड्यांचं गणित मला सगळ्यात जास्त खटकतं कारण ते अर्धं खरं आहे. रोहू किलोमागे दोनेक लाख अंडी देतो, बरोबर. पण पऱ्यात चढणारे सगळे काय रोहू नसतात, बरेचसे वीतभर नाहीतर त्याहून लहान, त्यांची अंडी त्या मानाने कमी, आणि त्यातली जगून मोठी होणारी अगदी थोडी, बाकीची कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. मुख्य म्हणजे अंडी घातली तर! चढणीचा मासा विळीवर घेतला की पोटातून गाभोळी बाहेर येते ना, पिवळीधमक, जिच्यासाठी घरात भांडणं होतात, ती म्हणजेच ती लाख अंडी, ती तव्यावर गेली. जानेवारीत एक मासा पकडला तर एक मासा गेला, जूनमध्ये पकडला तर त्याचं पुढचं सगळं गेलं. मरळीचं तर आणखी वेगळं, ती अंडी घालून निघून जात नाही, लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरतो आणि नर-मादी खालून राखण करतात. हे माहीत असलेले लोक मुद्दाम त्या घोळक्यातच गळ टाकतात कारण मरळ चिडून झडप घालते. ती उचलली की पिल्लं दुसऱ्या माशांना आयती.

नदीला कायदा नाही म्हणे. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी समुद्रातल्या यांत्रिक बोटींची, हे मान्य. पण गोड्या पाण्यात सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणं इंग्रजांनी १८९७ सालीच गुन्हा ठरवलंय, शिक्षा तेव्हा दोन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर २०० रुपयांपर्यंत दंड (तेव्हाचे २०० हां, आज तेवढ्यात पापलेट पण येत नाही). त्याच कायद्यात जाळ्याचा आकार, पाण्यात आडवे बांध घालणं यावर नियम करायचा अधिकार सरकारला दिला होता. शेजारी मध्य प्रदेशात तर १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांमध्ये मासेमारी बंदच असते, फक्त नदीशी संबंध नसलेली छोटी तळी सोडून. म्हणजे हे कुणी कोकणावर डूख धरून काढलेलं नाही. आणि ब्लीचिंग पावडर किंवा इन्व्हर्टरचा करंट सोडणाऱ्यांबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, ते पण बहुतेक परंपरेतच बसवलं असेल.

राहिल्या कंपन्या. हा मुद्दा मला मान्य आहे, पूर्ण. लोटे एमआयडीसीच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीतले भोई लोक वर्षानुवर्षं ओरडतायत, मेलेले मासे काठाला लागल्याचे फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. मासे जगायचे तर लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाण्यात हवा असं सरकारी मानकच सांगतं, तो खाणारं सांडपाणी नदीत सोडणाऱ्याला पकडायलाच हवं. वाळू उपसणाऱ्यांना पण. पण मग उलट विचार करा, खाली इतके मरतायत तर जे वाचून वर चढलेत त्यांना तरी सोडाल की नाही? आणि आमच्या पऱ्याच्या वरच्या अंगाला कंपनी नाही, नुसता डोंगर आहे, तरी तिथे मासे घटलेत, ते कुणी संपवले?

गेल्या जूनमध्ये रात्री साडेदहाला जाऊन मी आमच्या पऱ्यातली मच्छरदाणी एका काठाची सोडून दिली. चुलत्यांची निघाली. दोन दिवस बोलत नव्हते, तिसऱ्या दिवशी हाच मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला.