‘सगळीकडे रिकर्सिव्ह लॉक लावा’ हा सल्ला का मानू नये

मल्टिथ्रेडेड कोड (ज्यात अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र प्रवाह, एकाच वेळी चालतात) लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. आशय असा: सगळीकडे रिकर्सिव्ह म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा, पण त्याच थ्रेडला पुन्हा घेता येणारा लॉक) वापरा, मग डेडलॉक (लॉकची वाट पाहत थ्रेड कायमचे अडकणं) होणारच नाही, विंडोजवर नीट चाललेलं लॉकिंग लिनक्सवरही चालतं, आणि तरीही काही उरलंच तर थ्रेडसॅनिटायझर (प्रोग्राम चालताना थ्रेडच्या चुका शोधणारं साधन) पकडतो. नव्याने शिकणारे हा सल्ला जसाच्या तसा उचलतात आणि त्याची किंमत पुढे कोड सांभाळणाऱ्यांना मोजावी लागते. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासू.

पहिलं विधान, रिकर्सिव्ह म्यूटेक्सने डेडलॉक जातो. जातो तो फक्त एक प्रकार: आपणच धरलेला लॉक त्याच थ्रेडने पुन्हा मागितला आणि तिथेच अडकला, हा. एका थ्रेडने ‘क’ धरून ‘ख’ मागितला, दुसऱ्याने ‘ख’ धरून ‘क’ मागितला, तर लॉक रिकर्सिव्ह असो वा नसो, दोघेही कायमचे थांबतात. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ साली डेडलॉकला लागणाऱ्या चार अटी मांडल्या. त्यातली चक्राकार वाट पाहण्याची अट इथे पुरी होते आणि रिकर्सिव्ह लॉक तिला हातही लावत नाही.

बरं, तो पहिला प्रकार तरी खरंच सुटतो का? समजा एक ऑब्जेक्ट लॉक धरून आपल्या लिसनरच्या (बदल कळवायला सांगून ठेवलेल्यांच्या) यादीवर लूप चालवतो आणि प्रत्येकाला कॉलबॅक देतो, म्हणजे त्याचं फंक्शन बोलावतो. त्यातला एक लिसनर कॉलबॅकमध्येच स्वतःचं नाव यादीतून काढायला सांगतो. थ्रेड तोच, त्यामुळे रिकर्सिव्ह लॉक त्याला आत सोडतो, यादी लूप चालू असतानाच बदलते आणि इटरेटर (यादीत लूप कुठवर आला ते दाखवणारा) निकामी होतो. क्रॅश कधी तिथे होतो, कधी बऱ्याच वेळाने भलत्याच ठिकाणी. साधा लॉक असता तर प्रोग्राम त्याच ओळीवर थांबला असता आणि स्टॅकमध्ये (चालू असलेल्या फंक्शनच्या साखळीत) दोन्ही फंक्शन एकाखाली एक दिसली असती. लॉक मिळाला म्हणजे आतला डेटा सुसंगत अवस्थेत आहे, हा भरवसा लॉकिंगचा पाया आहे. रिकर्सिव्ह लॉक तोच काढून घेतो. यावरचा खरा उपाय म्हणजे यादीची प्रत घ्यायची, लॉक सोडायचा आणि मग कॉलबॅक द्यायचे. (प्रत घेतल्यावर, नुकत्याच काढलेल्या लिसनरलाही एखादा कॉलबॅक जाऊ शकतो. त्याची सोय वेगळी करावी लागते.)

कंडिशन व्हेरिएबल आलं की प्रकरण आणखी बिघडतं. त्यावर थ्रेड हातातला लॉक सोडून दुसऱ्याच्या सिग्नलची वाट पाहतो (वेट). पॉझिक्समध्ये (लिनक्ससारख्या युनिक्स प्रणालींच्या मानकात) रिकर्सिव्ह म्यूटेक्स दोनदा धरून वेट केलं, तर तो एकदाच सुटतो, म्हणजे प्रत्यक्षात सुटतच नाही. सिग्नल देणाऱ्या थ्रेडला लॉक मिळत नाही आणि दोघेही अडकतात. डेडलॉक टाळायला घेतलेल्या औषधानेच डेडलॉक. विंडोजच्या दस्तऐवजातही कंडिशन व्हेरिएबलवर थांबण्याआधी क्रिटिकल सेक्शन (विंडोजचा एक लॉक) नेमका एकदाच धरलेला असावा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरं विधान, विंडोजवर चाललं म्हणजे लिनक्सवरही चालेल. हे सर्वांत घातक. विंडोजचा क्रिटिकल सेक्शन मुळातच रिकर्सिव्ह आहे, त्यामुळे दुबार लॉकची चूक तिथे मुकाट्याने खपते. तोच कोड लिनक्सवर साध्या पीथ्रेड (पॉझिक्सच्या थ्रेड लायब्ररीच्या) म्यूटेक्सवर नेला की थ्रेड त्याच ओळीवर गोठतो, एररही मिळत नाही. मॅकओएसवरचा अनफेअर लॉक दुबार घेतला तर सगळी प्रोसेसच बंद पाडली जाते. विंडोजमध्येच क्रिटिकल सेक्शन काढून हलका एसआरडब्ल्यू (स्लिम रीडर-रायटर) लॉक घातला, तरी रिकर्शनची सोय संपते. सी++ चं मानक तर साध्या म्यूटेक्सवर दुबार लॉक घेतल्यास काय होईल, ते ठरवूनच देत नाही. तेव्हा एका प्लॅटफॉर्मवर टेस्ट पास झाल्या यावरून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही. पॉझिक्सवर डीबग बिल्डमध्ये एररचेक प्रकारचा म्यूटेक्स वापरावा. तो दुबार लॉकवर थांबून न राहता एरर परत देतो, मात्र तो एरर कोड तपासायला हवा.

तिसरं विधान थ्रेडसॅनिटायझरचं. साधन उत्तमच आहे. प्रत्यक्ष डेडलॉक झाला नाही तरी लॉकचा क्रम उलटलेला दिसला की ते सांगतं. पण जो कोड त्या वेळी चालला, त्याबद्दलच सांगतं. ते विंडोजवर चालत नाही, आणि प्रोग्राम ५ ते १५ पट मंद करतं, त्यामुळे ते रोजच्या वापरातल्या बिल्डमध्ये ठेवता येत नाही. जो कोड फक्त विंडोजच्या बिल्डमध्ये आहे, तो त्याच्या नजरेखालून कधी जातच नाही.

म्हणून माझा आग्रह असा की प्रोजेक्टच्या लॉक क्लासमध्येच एक छोटा डिटेक्टर असावा आणि डीबग बिल्डमध्ये तो सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालावा. लिनक्स कर्नलमध्ये २००६ पासून, म्हणजे २.६.१८ आवृत्तीपासून, लॉकडेप हेच करतो. फ्रीबीएसडीमध्ये त्यासाठी विटनेस आहे. रचना अवघड नाही. प्रत्येक थ्रेड आपण धरलेल्या लॉकची यादी थ्रेड-लोकल, म्हणजे फक्त स्वतःपुरती, ठेवतो. नवा लॉक मागताना तोच यादीत असेल तर तो दुबार लॉक, लगेच स्टॅक छापून थांबायचं. नसेल तर धरलेल्या प्रत्येक लॉकपासून नव्या लॉककडे ग्राफमध्ये एक कडा (‘हा धरून तो मागितला’ अशी जोडरेषा) टाकायची आणि उलटा मार्ग आधीच आहे का ते पाहायचं. असेल तर आत्ताचा आणि तेव्हाचा, दोन्ही स्टॅक छापायचे. हे सगळं लॉकवर थांबण्याच्या आधी व्हायला हवं. नंतर केलं तर खऱ्या डेडलॉकमध्ये तो कोड चालणारच नाही.

काही खाचखळगे आहेत. ट्राय-लॉक (लॉक लगेच मिळाला तर घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा) वाट पाहत नाही, म्हणून त्याच्याकडे येणारी कडा टाकायची नाही. पण तो धरल्यावर पुढे मागितलेल्या लॉकची टाकायची. लॉक नष्ट झाला की त्याच्या कडा पुसायच्या, नाहीतर त्याच पत्त्यावर बनलेला नवा लॉक खोटी ओरड करवतो. ग्राफ सांभाळणारा लॉक डिटेक्टरच्या बाहेरचा, साधा ठेवायचा. आणि लॉकडेपकडून शिकण्यासारखं म्हणजे कडा एकेका लॉकच्या नसून लॉकच्या वर्गाच्या (म्हणजे एकाच कामाच्या सगळ्या लॉकच्या गटाच्या) ठेवायच्या. हजार खात्यांचे हजार लॉक असतील तर उलटा क्रम त्याच दोन खात्यांवर घडेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. एकाच वर्गाचे दोन लॉक खरोखर एकत्र हवे असतील, तर सी++ १७ मधला स्कोप्ड लॉक दोन्ही एकदम घेतो, डेडलॉक न होऊ देता. अशा जोडीची सूट डिटेक्टरला वेगळी सांगून ठेवायची.

रिलीज बिल्डमध्ये निदान लॉक कुणी धरलाय ते रॅपरमध्ये (म्हणजे वरच्या त्या लॉक क्लासमध्ये) नोंदवून ठेवा. अडकलेल्या प्रोसेसमध्ये ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) म्यूटेक्स मालक थ्रेडचा नंबर दाखवतो, क्रिटिकल सेक्शनही दाखवतो. एसआरडब्ल्यू लॉक मालकाची नोंदच ठेवत नाही, त्यामुळे ग्राहकाकडून आलेल्या डंपमध्ये (प्रोसेसच्या मेमरीच्या प्रतीत) तुमच्या रॅपरने लिहिलेला तो थ्रेड नंबर एवढाच धागा हाती असतो.