सड्याखालचं तेल काढायचंय? मग हे वाचा आणि कामाला लागा

तर सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की आपल्या कोकणातल्या सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, ऑइल शेल म्हणजे तेलाचा दगड आहे आणि आता काजूची कलमं लावून कोणी फुकट घाम गाळू नये. पटण्यासारखं आहे, समोर समुद्रात बॉम्बे हायला 1974 ला तेल लागलंच ना, मग ते काय किनाऱ्याला येऊन थांबलं असेल? एखादा भूगोलवाला येऊन सांगेल की आपला कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यावर जांभा, आणि ऑइल शेल तर तळ्याच्या नाहीतर समुद्राच्या बुडाशी शेवाळं गाळात साचून बनतो. त्याला चहा पाजा आणि एसटी स्टँडवर सोडून या.

पण एक लक्षात ठेवा, ऑइल शेलमध्ये तेल नसतंच. असतं ते केरोजेन, म्हणजे तेल व्हायच्या आधीच अडकलेला माल. अजून खोल गाडला जाऊन लाखो वर्षं तापला असता तर झालं असतं तेल, पण तेवढा वेळ कोणाला आहे, सातबाऱ्यावर आत्ताच अर्धी वाडी आहे, थांबलात तर मुंबईचे चुलते पण येतील. म्हणून कार्बाइड टाकून हापूस पिकवतात तसा दगड जागच्या जागी पिकवायचा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात शेल नावाच्याच तेल कंपनीने हेच करून बघितलं, भोकं पाडून आत इलेक्ट्रिक हीटर सोडायचे, साडेतीनशे डिग्रीच्या आसपास तीन-चार वर्षं दगड तापवत ठेवायचा आणि तेल भूजलात जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी पाईपातून थंडगार द्रव फिरवून जमिनीत बर्फाची भिंत उभी करायची. आत भट्टी, बाहेर बर्फ, दोन्हीचं बिल तुमच्या नावावर. 2013 ला त्यांनी गाशा गुंडाळला पण त्यांच्यात तुमच्याएवढी जिद्द नसणार. आपल्याकडे पहिल्या पावसात फांदी पडली की दोन दिवस लाईट नाही, तेव्हा इन्व्हर्टर जरा मोठा घ्या.

काही पद्धतींत तापवायच्या आधी दगड फोडावा लागतो, नाहीतर तेल बाहेर येणार कुठून. प्रेशरने पाणी मारून फोडता येतो, पण म्हातारी विचारेल, "पाणी खंयसून आणतलंस रे?" कारण एवढा धो धो पाऊस पडून एप्रिलात वाडीवर टँकरच येतो. तिला सांगा टँकर वाढवू. दुसरी पद्धत म्हणजे थोडा दगड खणून काढायचा, उरलेला सुरुंगाने उडवायचा आणि त्या ढिगाला वरून जमिनीखालीच आग लावायची, चिरेखाणवाल्या भावोजींना निम्मा अनुभव आहेच. आणि अगदीच घाई असेल तर अणुबॉम्ब! हसू नका, 1967 ला कोलोरॅडोत ऑइल शेल अणुस्फोटाने फोडायची रीतसर योजना होती, प्रोजेक्ट ब्रॉन्को नावाची. ती कागदावर राहिली, पण 1969 ला त्याच राज्यात रुलिसनला गॅससाठी अडीच किलोमीटर खोल खरंच फोडला, हिरोशिमाच्या अडीच पटीहून मोठा. गॅस आला की! फक्त किरणोत्सर्गी आला, त्यामुळे कोणाच्या शेगडीपर्यंत काही गेला नाही. तुम्ही आपलं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून घ्या, ग्रामसभेचं नंतर बघू.

आता पैसा. तिथे कोलोरॅडोत एक्सॉन या तेल कंपनीने ऑइल शेलचा मोठा प्रकल्प काढला, माणसं आली, घरं बांधली गेली, आणि 2 मे 1982 ला एका फटक्यात बंद, दोन हजारांवर कामगार घरी. म्हणून कामगार व्हायचं नाही. बोअर तर अजिबात मारायचा नाही, कारण बोअर मारला की रिपोर्ट येतो, आणि रिपोर्ट आला की जमिनीचा भाव काजूचाच होतो. त्यापेक्षा आत्ताच जमीन विकायला काढा, गुंठ्याच्या दरात तेलाचाही भाव धरा, एजंटाला दोन टक्के द्या, ओरिजिनल कागद हातातून सोडू नका, आणि गेटवर बोर्ड लावा, ‘तेल प्रकल्प, लवकरच’. खाली तारीख टाकू नका.