अडीच मिलिमीटरचा गणपती

२०१६ साली आम्ही लडाखला जायचे ठरवले, तेव्हा बरोबर न्यायच्या सामानाच्या यादीत लोकरीचे कपडे, चकल्या आणि विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या डायमॉक्सच्या गोळ्या यांच्यानंतर मी एक बिनतारी हार्ड डिस्कही लिहिली होती. दिसायला ती पानाच्या डब्यापेक्षा लहानच, पण तिच्या पोटात एक टेराबाइटची डिस्क, एक बॅटरी आणि स्वतःचे वायफाय होते. कॅमेऱ्यातले कार्ड तिच्या कुशीतल्या फटीत सरकवले की छायाचित्रे आपोआप आत उतरत, आणि मग गाडीतल्या प्रत्येकाला ती आपापल्या मोबाइलवर एकही तार न जोडता पाहता येत. 'एकही तार न जोडता' हे शब्द मी त्या दिवसांत इतक्या वेळा उच्चारले, की आमच्या सौ.नी तिचे 'बिनतारी डबी' असे बारसे करून टाकले.

पुढे जे घडले त्याला त्या सहलीतील माझी हौस कितपत कारणीभूत होती, हा प्रश्न मला आजही छळतो. हार्ड डिस्कमध्ये चकती गरगर फिरत असते आणि वाचणारे हेड तिला न टेकता हवेच्या एका अतिसूक्ष्म थरावर तरंगत असते. हवा विरळ झाली की तो आधार अपुरा पडू लागतो, म्हणून साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात ती सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंतच चालवावी असे लिहिलेले असते. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे आणि खारदुंगला खिंड त्याहूनही कितीतरी वर. हे माहितीपत्रक मी वाचले ते आठ वर्षांनी. त्या खिंडीत आम्ही सर्वांनी गोळ्या घेतल्या होत्या. डबीला मात्र कुणी काही दिले नव्हते, उलट त्या थंडीत तिच्याकडून मी दीडशे छायाचित्रे उतरवून घेतली होती.

तरीही डबी तेथे काही बोलली नाही. ती बोलली पुण्यात, गेल्या वर्षी, दिवाळीच्या साफसफाईनंतर. चालू केली की थोडा वेळ गुणगुणायची, मग टिक, टिक, टिक असा आवाज करून गप्प व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"अहो, ही डबी घड्याळासारखी काय वाजतेय?" सौ.नी विचारले.

"जुनी झालीय," मी म्हणालो.

"जुनी होऊ दे, पण तिच्यात विनूच्या मुंजीचा व्हिडिओ आहे. तो दुसरीकडे कुठे ठेवलाय ना?"

विनू म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. तो व्हिडिओ दुसरीकडे कुठेही नव्हता, कारण संगणकावर जागा करण्यासाठी तो मी स्वतःच डबीत हलवला होता. या प्रश्नाला मी जे उत्तर दिले त्यात 'बहुधा' हा शब्द होता, आणि एकोणतीस वर्षांच्या संसारात त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे सौ.ना नेमके ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी डबी घेऊन तपकीर गल्लीत गेलो. तेथील एका चिंचोळ्या दुकानात विशीतला एक मुलगा डबी कानाशी धरून, पाडव्याला कलिंगड पारखावे तशा तन्मयतेने ऐकत राहिला.

"काका, आतली डिस्क जायला लागलीय. डेटा पाहिजे की डबी पाहिजे?"

"दोन्ही पाहिजे."

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले आणि डेटा काढून देणाऱ्यांचा अंदाजे आकडा सांगितला. त्या रकमेत विनूची मुंज पुन्हा लावता आली असती. मग त्याने आवाज उतरवून सांगितले, की डिस्क अधूनमधून वाचत असेल तर घरीच काळजीपूर्वक उतरवून घेता येते, आतली डिस्क बदलणे तर अगदी सोपे असते, आणि हल्लीच्या एसएसडी नावाच्या डिस्कला फिरणारे काही नसल्यामुळे ती टिकटिकही करत नाही. मी एक टेराबाइटची एसएसडी, डिस्कला यूएसबीने जोडायच्या दोन केबली आणि चांदणीच्या आकाराच्या टोकाचा एक बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी आलो. 'सोपे' या शब्दाची पावती मात्र मी घेतली नाही.

डबीला स्क्रू नव्हते. म्हणजे असणार होते, पण दिसत नव्हते, आणि वस्तू बनवणाऱ्यांना याचा अभिमान वाटतो असे त्यांच्या जाहिरातींवरून दिसते. तळाचे चार रबरी पाय मी नखाने उचकटले, तेव्हा दोघांखाली चांदणीचे स्क्रू निघाले आणि उरलेल्या दोघांखाली केवळ गोंद. स्क्रू काढूनही डबी हसेना, कारण कडेने आतून प्लॅस्टिकच्या आकड्या एकमेकींत अडकवलेल्या होत्या. अशा वेळी धातूचे हत्यार वापरू नये, कारण आत लिथियमची बॅटरी असते आणि तिला भोक पडले तर ती पेट घेऊ शकते, हे मी वाचले होते. म्हणून मुदत संपलेले एक एटीएम कार्ड फटीत घालून मी ते हळूहळू फिरवू लागलो. प्रत्येक आकडी सुटताना 'कट्' असा आवाज येई आणि तो आकडी सुटल्याचा की तुटल्याचा, हे कळण्यास मार्ग नसे. बारा वेळा कट् झाले. त्यांपैकी तीन आवाज दुसऱ्या प्रकारचे होते, हे नंतर कळले.

आत पाहिल्यावर मात्र मी थोडा हिरमुसलो. आठ वर्षे ज्या डबीला मी चमत्कार मानत आलो, तिच्यात एक चपटी बॅटरी, एक हिरवी पट्टी आणि कोणत्याही लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची डिस्क एवढाच ऐवज होता. पण हेही माझे नशीबच, कारण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे तोंड थेट डिस्कच्याच पट्टीवर डाखलेले असते आणि तेथे दुसरी कोणतीही डिस्क बसत नाही. माझ्या डिस्कला रीतसर सॅटाची, म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कना असते तशी सुटी होणारी जोडणी होती. बॅटरीची बारीक तार आधी सोडवून मी डिस्क तळहातावर घेतली. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली, तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, तिचे वजन टनाच्या घरात होते आणि तिच्यात ५० लाख अक्षरे मावत. तशी दोन लाख कपाटे मावतील एवढी जागा असलेली वस्तू माझ्या हातात होती, आणि तिच्यातल्या एका मुंजीसाठी माझ्या कपाळावर घाम होता. त्या जुन्या कपाटाच्या मालकाला निदान ते घरी उघडून बघण्याचा मोह तरी झाला नसेल.

जुनीच्या जागी मी कोरी एसएसडी बसवली, साऱ्या आकड्या दाबून बंद केल्या आणि बटण दाबले. हिरवा दिवा लुकलुकला आणि लुकलुकतच राहिला. मोबाइलवर शेजारपाजारच्या अकरा वायफायची नावे आली, पण त्यांत डबी नव्हती. दोन तासांच्या वाचनानंतर उलगडा झाला तो असा, की माझ्या डबीची बुद्धी तिच्या हिरव्या पट्टीवर पूर्ण मावत नसल्याने तिचा बराचसा भाग डिस्कवरच एका लपवलेल्या कप्प्यात ठेवलेला होता. कोरी डिस्क बसवल्यामुळे डबीला आपण कोण आहोत हेच आठवत नव्हते. तेव्हा जुन्या डिस्कची, लपलेल्या कप्प्यासकट, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवणे आणि मग ती आत बसवणे हा खरा क्रम होता. मी तो उलटा केला होता. डबी पुन्हा उघडली. या वेळी नऊच वेळा कट् झाले, यावरून आधीच्या तीन आवाजांचा प्रकार कळला.

मरू घातलेल्या डिस्कवरून प्रत काढण्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा एक प्रोग्राम आहे आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आता नितांत आदर आहे. शहाणा विद्यार्थी प्रश्नपत्रिकेतले सोपे प्रश्न आधी सोडवतो, तसा तो डिस्कचे सुदृढ भाग आधी उतरवून घेतो, अडला की तेथे डोके आपटत न बसता पुढे जातो आणि सर्व झाल्यावर सोडलेल्या जागांकडे पुन्हा वळतो. शिवाय काय झाले आणि काय राहिले याची नोंद तो एका फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच थांबले तरी पुढून सुरू करता येते. ज्यातून घ्यायचे ती डिस्क आणि ज्यावर लिहायचे ती डिस्क यांची नावे मात्र एका ओळीत आपणच लिहून द्यायची असतात, आणि ती उलटी पडली तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुनीवर उतरतो. क्रम उलटा करण्यात माझा हात किती बसलेला आहे हे नुकतेच सिद्ध झालेले असल्याने मी ती ओळ सात वेळा वाचली, सौ.नाही वाचायला लावली आणि मगच एंटर दाबले.

प्रत उतरायला तीन दिवस लागले. या काळात जेवणाचे टेबल आमचे राहिले नाही. त्याच्यावर जुन्या डिस्कची केबल, नव्या डिस्कची केबल, लॅपटॉपची तार, माउसची तार, डिस्क तापू नये म्हणून लावलेल्या पंख्याची तार, सूचना वाचण्यासाठी लागणाऱ्या मोबाइलच्या चार्जरची तार आणि हे सर्व जिथे मिळते त्या एक्स्टेंशन बोर्डाची तार, अशा सात तारा पसरलेल्या होत्या. सौ.नी त्या मोजल्या आणि माझ्याकडे पाहिले. "एकही तार न जोडता," एवढेच त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन सोफ्यावर गेल्या.

दुसरा दिवस गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकराला सांगावे लागत नाही, पण डिस्कला ते माहीत नव्हते. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिला, पंखा बंद पडला आणि डिस्क हाताला चटका देईल इतकी तापू लागली. तेव्हा सौ.नी फडताळातून एक जाडजूड लग्नपत्रिका काढली आणि काही न बोलता तिने डिस्कला वारा घालू लागल्या. भावाच्या मुलाच्या मुंजीसाठी माणूस काय करील सांगता येत नाही. वीज येईपर्यंत आम्ही दोघांनी आळीपाळीने वारा घातला, आणि मोलकरणीने हे दृश्य पाहिल्यामुळे ते खालच्या मजल्यापर्यंत पोहोचले.

शनिवारी रात्री प्रोग्राम थांबला. फारच थोडे सेक्टर हाती लागले नव्हते आणि लडाखची छायाचित्रे, चार-सहा सोडली तर, सहीसलामत होती. मुंजीच्या व्हिडिओत मातृभोजनाचा भाग चौकोन-चौकोन होऊन विरघळला होता, मंगलाष्टके तिसऱ्या कडव्यावर अडकून राहिली होती, पण समारंभाच्या शेवटी आमच्या मेव्हण्यांनी आभारप्रदर्शनार्थ केलेले अकरा मिनिटांचे भाषण एकाही बाइटची हानी न होता संपूर्ण वाचले होते. "दादाचं भाषण तरी मिळालं," सौ. म्हणाल्या. मी मान हलवली. डिस्कला निवड करता येत नाही हे मला कळते, पण त्या क्षणी मला तसे वाटले नाही.

आता नवी डिस्क बसवायची एवढेच उरले होते. पण जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आणि नवी सात, त्यामुळे डबी हलवली की एसएसडी आत सुपारीसारखी वाजू लागली. अडीच मिलिमीटर ही जागा मोठी विचित्र असते, कारण तिच्यात पोस्टकार्ड हरवते आणि चामड्याचा तुकडा बसत नाही. घरातले निरनिराळे पुठ्ठे दाबून पाहिल्यावर माझे लक्ष त्या लग्नपत्रिकेकडे गेले. मखमली कागद चिकटवलेला तो पुठ्ठा दुहेरी केला की अचूक अडीच मिलिमीटर भरत होता. मी कात्री हातात घेतली.

"अहो! त्यावर गणपती आहे," सौ. म्हणाल्या.

बराच विचारविनिमय होऊन असे ठरले, की गणपतीला कात्री लावायची नाही, तो असलेला तुकडा अखंड ठेवायचा, डिस्कच्या वर ठेवायचा, खाली नाही, आणि त्याचे तोंड वरच्या दिशेला करायचे. त्याप्रमाणे प्रतिष्ठापना करून मी डबी बंद केली. जेथे आकड्या तुटल्या होत्या तेथे सेलोटेप लावला. बटण दाबले, हिरवा दिवा दोनदा लुकलुकून स्थिर झाला आणि मोबाइलवर बारावे नाव उमटले. त्या आनंदात मी हात जोडले, ते डबीला की आतल्या मूर्तीला हे सांगता येणार नाही.

पासवर्ड मात्र मला आठवेना. आठ वर्षांपूर्वी मी तो विचारपूर्वक, कुणालाही ओळखता येणार नाही असा निवडला होता आणि त्यात मला संपूर्ण यश आले होते. अखेर सौ.च्या बांगडीतली सेफ्टी पिन घेऊन मी डबीच्या मागच्या छिद्रात अर्धा मिनिट दाबून धरली. त्यामुळे आतल्या फाइली तशाच राहतात, पण वायफाय कारखान्यातून निघताना होते तसे, म्हणजे बिनकुलपाचे होते. नवा पासवर्ड सकाळी घालू असे ठरवून मी डबी खिडकीत चालू ठेवली आणि चार दिवसांनी प्रथमच शांतपणे आडवा झालो.

अकराच्या सुमारास छतातून आवाज येऊ लागला. वरच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसतो हे आम्हाला माहीत होते, पण हा आवाज कोणत्याही खेळाचा नव्हता. "येथे जमलेल्या सर्व आप्तेष्टहो," असे कुणीतरी घसा खाकरून म्हणत होते.

सौ. अंथरुणात उठून बसल्या.

"अहो, हा दादाचा आवाज ना?"

मी अंधारात छताकडे पाहिले. अकरांपैकी अजून साडेदहा मिनिटे बाकी होती.