मागचं मोठं दार आणि बाकीचे जीवघेणे सल्ले

‘छोट्या विमानात जीव वाचवणारे ५ उपाय, प्रत्येकाला पाठवा’ हा फॉरवर्ड आता फ्लाइंग स्कूलमधल्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवरही पोचलाय. एका आईने तर तो छापून मुलीच्या बॅगेत ठेवलाय. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

उपाय असे. एक, सीटखालचं पॅराशूट घालून उडी मारा. दोन, हवेत दार उघडू देऊ नका, विमान कोसळतं. तीन, पाण्यात पडलात तर लाइफ जॅकेट लगेच फुगवा आणि केबिन भरेपर्यंत दाराला हात लावू नका. चार, दार अडकलं तर पुढची काच लाथेने फोडा. पाच, मागचं मोठं दार सर्वांत सुरक्षित, सगळ्यांनी तिकडे जा. (दार न उघडता उडी कशी मारायची, ते एक आणि दोन लिहिणाऱ्यांनी आपसात ठरवावं.)

पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण नेमक्या याच दारापाशी माणसं बुडून मेली आहेत. मागे मोठं दुहेरी दार असलेलं ओळखीचं छोटं विमान म्हणजे सेसना २०६. सहा आसनी, पंख वर. त्याच्या यू-२०६ आणि २०६एच या प्रकारांत दारं दोनच: पुढे डावीकडे वैमानिकाचं, आणि मागे उजवीकडे सामानाचं दोन पाखांचं, म्हणजे दोन झडपांचं. आता गोम बघा. उतरताना पंखाचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्या) खाली केले, की उजवा फ्लॅप बरोबर या दाराच्या पुढच्या पाखासमोर येतो. पाख जेमतेम किलकिलं होतं आणि फ्लॅपला अडतं. मागचं पाख उघडायचा दांडा मागच्या पाखाच्या पुढच्या कडेला, म्हणजे या अडकलेल्या पाखाच्या आड. फ्लॅप विजेवर चालतात, त्यामुळे विमान पाण्यात उलटल्यावर ते वर घेणं विसरा. शिवाय दार उघडं असताना फ्लॅप हलू नयेत म्हणून तिथे एक स्विच बसवलेला असतो. म्हणजे घाबरून दार ढकललंत की तोही मार्ग बंद.

१६ ऑगस्ट २०१८ला कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये लिटल डॉक्टर लेक या तळ्यावर, चाकांऐवजी तरंगते पाय लावलेलं यू-२०६जी (याच यू-२०६चा एक प्रकार) उतरताना उलटलं. आत पाच जण. वैमानिक आणि एक प्रवासी बाहेर आले, तिघे आतच बुडाले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा या अपघातावरचा अहवाल वाचा: फ्लॅप २० अंशांवर होते आणि त्यांनी मागच्या दाराचं पुढचं पाख अडवलं होतं. त्यानंतर २०२०मध्ये तिथल्या परिवहन विभागाने या विमानात किती माणसं बसवायची यावर मर्यादा आणली. फॉरवर्डवाल्याचं ‘सर्वांत सुरक्षित’ दार ते हेच.

फ्लॅप खाली असताना ते उघडायची रीत त्या दारावरच्या लाल पाटीवर लिहिलेली असते. पुढचं पाख जाईल तितकं बाहेर ढकला, फटीतून मागच्या पाखाचा लाल दांडा पुढे फिरवा, मग मागचं पाख जोर लावून पूर्ण उघडा. कोरड्या जमिनीवर, उजेडात करून बघा. मग हेच उलटं टांगलेल्या अवस्थेत, गार पाण्यात, श्वास रोखून करायचंय असं समजा. म्हणून २०६मध्ये बसण्याआधी ही पाटी वाचायची आणि दांड्याला एकदा हात लावून घ्यायचा.

तिसऱ्या उपायात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सेसना १७२ या चार आसनी विमानाच्या पुस्तिकेत पाण्यावर उतरण्याच्या यादीत ‘गरज पडल्यास खिडकी उघडून केबिन भरू द्या, दाब सारखा झाला की दार उघडेल’ असं खरंच आहे. पण ते यादीच्या शेवटाकडे, दार उघडेनासं झालं तरच. त्याच्या बऱ्याच आधी, पाण्याला टेकण्यापूर्वी, एक ओळ आहे: दारांच्या कड्या सोडा. जमिनीवर इंजिनाविना उतरतानाही हीच सूचना आहे. आपटल्यावर सांगाडा पिळवटला तर चौकट दाराला आवळते, आणि कडी लागलेली असेल तर ते हलत नाही. मास्टर स्विच, म्हणजे विमानाच्या विजेचा मुख्य स्विच, मात्र हवे तेवढे फ्लॅप लावून झाल्यावर बंद करायचा, नाहीतर फ्लॅप आहेत तिथेच राहतील.

लाइफ जॅकेट आत फुगवणं म्हणजे स्वतःला छताला चिकटवून घेणं. दार खाली, तुम्ही वर. २३ नोव्हेंबर १९९६ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग ७६७ कोमोरोसजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा आत जॅकेट फुगवलेले कित्येक जण असेच अडकले. जॅकेट अंगावर आधीच घाला, फुगवा बाहेर आल्यावर. आणि पट्टा विमान पूर्ण थांबल्यावरच सोडा. उलटे असाल तर आधी एका हाताने दाराची चौकट धरा. पट्टा सुटला की दिशा कळत नाही.

काच. ती काच नसते, अ‍ॅक्रिलिक असतं. गाडीची काच फोडायची टोकदार हातोडी त्यावर उड्या मारते, कारण अ‍ॅक्रिलिकचा चुरा होत नाही. त्याला जड घाव हवा. सिरस कंपनीच्या छोट्या विमानात पुढच्या दोन सीटच्या मधल्या हातटेकूत आठ औंसांची गोल डोक्याची हातोडी त्यासाठीच दिलेली असते. बीचक्राफ्ट बोनान्झा ए३६मध्ये मधल्या रांगेच्या खिडक्या पिन काढून बाहेर ढकलता येतात. १७२मध्ये बाजूची खिडकी उघडते. सडपातळ माणूस निघेलही, पण त्यावर भिस्त नको.

पॅराशूट सीटखाली नसतं. सिरसला असतं ते अख्ख्या विमानाला, रॉकेटने सुटणारं, छतातला लाल दांडा दोन्ही हातांनी खाली ओढून. बाकी विमानांत इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं पडत नाही. १७२ ठरलेल्या वेगाने धरलं, तर वारा नसताना जमिनीपासून ३,००० फुटांवरून साधारण ८ किलोमीटर तरंगत जातं. शेत शोधा.

हवेत दार उघडलं तर आवाज होतो, कागद उडतात आणि वाऱ्याने दार दोन-तीन इंचांवर अडून राहतं. विमान उडत राहतं. दाराशी झटापट करताना विमान सांभाळायचं विसरलं की मग पडतं.

शेवटचं पायपर पीए-२८बद्दल, कारण पालकांनी त्याचंच विचारलं होतं. चार सीट, दार एकच, पुढे उजवीकडे. आधी उजवीकडचा बाहेर पडणार, मग वैमानिक. त्या दाराला कड्या दोन असतात: एक बाजूला, दुसरी वर छताजवळ. घाईत वरची राहते आणि माणूस बंद दाराला खांदा देत बसतो.